म्हणण्याचा रकाना

आमच्या उपकेंद्राच्या सिस्टरच्या पिशवीत एक लोखंडी फूटपट्टी राहायची. थर्मामीटर घरी राहिला असेल, गोळ्या संपल्या असतील, पण फूटपट्टी विसरली असं कधी झालं नाही. पोरांना वाटायचं मारायची आहे. मारायची नव्हती. सरकारचा जो काही कागद यायचा, म्हाताऱ्यांच्या तपासणीचा, बीपी-शुगरचा, घरात कोण आजारी आहे त्याचा, त्या कागदाच्या उजव्या बाजूला ती पट्टी ठेवायची आणि पेनानं एक रेघ ओढायची. नाव, वय, जात, आजार, गोळ्या चालू का बंद, सगळ्याचे रकाने छापलेले असत. सिस्टरचा रकाना छापलेला नव्हता. रेघ ओढून ती वर लिहायची, 'म्हणणं'. त्याच्याखाली त्या म्हाताऱ्याचं नाहीतर म्हातारीचं जे म्हणणं असेल ते, त्यांच्याच बोलीत, लिहून टाकायची.

वरच्या ऑफिसात हे कागद कॉम्प्युटरवर चढवायला एक माणूस होता. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये मोजून रकाने. एक जास्तीचा आला की त्याचं डोकं फिरायचं. त्यानं तक्रार केली. सिस्टरला नोटीस आली, शासकीय नमुन्यात बदल काहून केला, खुलासा द्या. सिस्टरनं त्या नोटिशीच्याच उजव्या बाजूला रेघ ओढली, वर लिहिलं 'म्हणणं' आणि खाली लिहिलं, 'तुम्ही सगळं विचारता. त्यायले काय पाह्यजे ते विचारत नाही. म्हणून जागा केली.' सही करून परत पाठवली. पुढं वर काय झालं मला माहीत नाही. रेघा चालू राहिल्या एवढं माहीत आहे.

मी चौथी शिकलेला माणूस. तोंडाचा तिखट. कोणाबद्दल चांगलं बोलायची सवय नाही, लिहायची तर नाहीच. माझी बायको असती तर म्हणाली असती, आज सूर्य कुठून निघाला. पण ती नाही. गेल्याला पाच वर्षं होतील. आणि या सिस्टरबद्दल लिहायचं तर बायकोबद्दल लिहावंच लागेल, त्यामुळं एवढे दिवस पेन हातात घेऊन ठेवून देत होतो.

सिस्टर तांड्यावरची बाई. उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की उपकेंद्रात बोलली तर बसस्टँडवर ऐकू जाईल. पांढरी साडी, पायात काळी रबरी चप्पल, मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही आतल्या बाजूला फिरवलेलं. तिची मोपेड एकदा बंद झाली की परत चालू व्हायला अर्धा तास घ्यायची, म्हणून ज्या घरी जायची त्या घरासमोर ती गाडी फटफट करत तशीच उभी ठेवायची. गावाला कळायचं, आज कोणाच्या घरी आहे. एखाद्या म्हातारीचं म्हणणं लांबलं तर पेट्रोल संपायचं. मग ती गाडी ढकलत उपकेंद्रापर्यंत न्यायची. कोणी म्हटलं, सिस्टर मी ढकलतो, तर म्हणायची, "मले येते."

तिच्या सवयी ऐकून बाहेरगावचे लोक हसत. कोणाच्याही अंगाला विचारल्याशिवाय हात लावायची नाही. "हात लावू काय?" म्हणायची आणि थांबायची. आमच्या शेजारच्या घरी बाळंतपण झालं, एक दिवसाची पोरगी, तिलाही विचारलं. त्या घरची म्हातारी म्हणाली, "अवं सिस्टर, ते काय सांगन तुले?" सिस्टर म्हणाली, "आज नाही सांगनार. पण तिले माहीत पडन का विचारा लागते."

दुसरं म्हणजे पाणी. ज्याची तब्येत पाहायला आली त्याच्याच हातचं पाणी प्यायची. सुनेनं तांब्या आणला तर बाजूला ठेवायची. "हे राहू दे. मी बुवाकडं आली, बुवाच्या घरी पाहुनी हाय." मग तो म्हातारा खाटेवरून उठायचा, भिंत धरत धरत माठापर्यंत जायचा, अर्धा ग्लास सांडत आणायचा. सिस्टर तोंडानं गप्पा मारायची आणि डोळ्यानं त्याची चाल, त्याचे हात, त्याचा तोल सगळं पाहून घ्यायची. कितीतरी म्हातारे मी असे पाहिले, की सिस्टर यायचा वार आला की सकाळीच माठ घासायला लावायचे.

एका घरचा प्रसंग सांगतो. मी तिथं बसलेलो होतो. मुलगा म्हणाला, "बुढ्याले काई समजत नाही सिस्टर. मले विचारा."

"बीपी तुहा पाहू का त्याचा?"

"त्याचाच ना."

"मंग तू जाय. ढोरायले पाणी दाखव."

मुलगा तोंड पाडून गेला. मलाही बाहेर काढलं. म्हाताऱ्यानं काय सांगितलं ते दुसऱ्या दिवशी गावाला कळलं, कारण सिस्टर न्हाव्याला घेऊनच त्या घरी पोचली. सहा महिन्यांपासून त्याची दाढी कोणी केली नव्हती. मुलगा वाईट नव्हता. गोळ्या वेळेवर देत होता, दूध देत होता. म्हातारा कुठं जात नाही तर दाढी कायले, एवढाच त्याचा हिशेब.

तिच्या रकान्यात लिहिलं म्हणजे ते मिळालं, असं नव्हतं हां. एका म्हातारीचं म्हणणं होतं, भाजीत मीठ पाहिजे. बीपी आकाशाला भिडलेला. सिस्टरनं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मीठ पाह्यजे.' म्हातारी खूश. दुसऱ्या फेरीला म्हातारी भांडायला उठली, "लिहून नेलं आन मीठ काई आलं नाही."

"लिहिलं ना मी. भेटन असं कोनं म्हनलं?"

"मंग लिहिलं कायले?"

"तुले आवडत नाही हे माहीत असनं आन तुले आवडत नाही हे कोनालेच माहीत नसनं, यात फरक हाय माय."

म्हातारीला ते पटलं का नाही, देव जाणे. पण ती अळणी भाजी खाऊ लागली, शिव्या देत देत.

आता माझं.

बायकोला लकवा मारला तो तुरी सोंगायच्या, म्हणजे कापणीच्या दिवसांत. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. बारा दिवस दवाखान्यात काढून घरी आणली. पोरं दोन्ही बाहेर, एक पुण्याला, एक नागपूरला कंपनीत. आली, राहिली, गेली. त्यांनाही पोट आहे. मी ठरवलं, हिला बोटभर त्रास होऊ द्यायचा नाही. खाट समोरच्या खोलीत घातली, पंख्याखाली, टीव्हीसमोर. आंघोळ मी घालायचो. केस मी विंचरायचो. घास मी भरवायचो. ती काही म्हणायला तोंड उघडायची तर मी आधीच समजून घ्यायचो, पाणी पाहिजे काय, बाजूवर व्हायचं काय, आणि करून मोकळा. गावातल्या बाया त्यांच्या नवऱ्यांना सांगायच्या, पाहा, असा माणूस पाहिजे. खोटं कशाला बोलू, मला ते ऐकून बरं वाटायचं. जन्मभर एक कप चहा हातानं करून प्यालो नव्हतो, आणि आता गाव माझं नाव घेत होतं.

मोपेड दारात फटफटली. सिस्टर आली ती दारातच थांबली. खाटेखाली वाकून पाहिलं.

"ह्यायची चप्पल कुठी हाय?"

मी म्हणालो, "माळ्यावर ठेवली. आता काय कामाची?"

"काढा."

"सिस्टर, तिले उभं राहता येत नाही."

"मी उभं राहाले सांगून राह्यली काय? चप्पल काढा."

काढली. धूळ झटकून खाटेखाली ठेवली. सिस्टरनं खाली वाकून ती फिरवली. मी भिंतीकडं तोंड करून ठेवली होती, तिनं दाराकडं केली. म्हणाली, "मानूस पडून पडून हेच पाहत राहते. चप्पल भिंतीकडं असली तर त्याले वाटते, आपलं झालं."

मग पेन काढलं, कागद काढला, पट्टी काढली. "नाव?"

आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल, त्यानंतर पन्नास वर्षं 'अवं' आणि 'ऐकलं काय'. सिस्टर थांबली. मी म्हणालो, "आधार कार्डावर हाय."

"आधार कार्ड आजारी हाय काय?"

शेवटी मी म्हणालो, "पंचफुला." खाटेवर बायकोनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. लकवा मारल्यापासून ती पहिल्यांदा माझ्याकडं अशी पाहत होती, म्हणजे मीच तिथं नवीन माणूस असल्यासारखी.

"पंचफुलाबाई, हात लावू काय?" सिस्टर म्हणाली आणि थांबली. मी म्हणालो, "लावा ना सिस्टर, लावा." सिस्टरनं माझ्याकडं असं पाहिलं की मी तोंड मिटलं. मग कितीतरी वेळानं बायकोची मान हलली. तेव्हा हात लावला.

तपासून झाल्यावर मला म्हणाली, "आता तुम्ही बाहेर."

"काहून? मी नवरा हाय. तिचं मलेच समजते. तिले बोलता येत नाही."

"तुम्ही बोलू देता कुठी? मी आल्यापासून पाच वेळा त्यायनं तोंड उघडलं. पाचही वेळा तुम्ही मधात पडले."

मी अंगणात जाऊन उभा राहिलो. रागानं कान तापले होते. भिंतीला कान लावला, तर मोपेडच्या फटफटीत काही ऐकू येईना. तेव्हा मला वाटलं, गाडी ती मुद्दाम चालू ठेवते.

अर्ध्या तासानं बाहेर आली. मी विचारलं, काय म्हणाली. तिनं कागद घडी करून पिशवीत टाकला. "त्यायचं म्हननं हाय. त्यायलेच विचारा. वीस मोजा. मनातल्या मनात. वीस होईस्तोवर तोंड उघडाचं नाही."

विचारलं. बायकोनं तोंड उघडलं, ओठ वाकडे झाले, आवाज फुटेना. मी मोजू लागलो. पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या ओळीतली झाडं मोजावी तसं, एक, दोन, तीन. अकरापर्यंत आलो की जीभ वळवळायची. पहिल्या दिवशी नाही जमलं. दुसऱ्या दिवशी नाही. मी तीनदा मधात बोललो आणि तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. चौथ्या दिवशी वीस झाले, परत वीस मोजले, आणि तेव्हा शब्द आला.

"रांधनी."

रांधणी म्हणजे स्वयंपाकाची खोली. मला वाटलं भूक लागली. परत वीस मोजले. "रांधनीत. खाट."

पंखा नको होता तिला. टीव्ही नको होता. पन्नास वर्षं जिथं बसली तिथं बसायचं होतं, आणि मी तिला पाहुणीसारखी समोरच्या खोलीत मांडून ठेवली होती. खाट रांधणीत नेली. त्या खोलीत धूर, उकाडा. पण तिथं तिचं बोलणं सुधारलं, ते मी डोळ्यानं पाहिलं. कारण तिथं तिला बोलायला कारण होतं. मी चुलीसमोर बसायचो आणि ती खाटेवरून हुकूम सोडायची. "पानी." म्हणजे पिठात पाणी कमी. "जाड." म्हणजे भाकर जाड झाली. "जयली." म्हणजे जळली. त्र्याहत्तरव्या वर्षी मी ज्वारीची भाकर थापायला शिकलो. पहिल्या पंधरा दिवसांच्या भाकरी कुत्र्यानंही हुंगून सोडल्या. सोळाव्या दिवशी एक भाकर फुगली. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "हं." या 'हं'पेक्षा मोठं बक्षीस मला उभ्या जन्मात मिळालं नाही.

हळूहळू उजवा हात खाटेवरून उचलू लागली. आधी बोटं, मग मनगट. एक दिवस सिस्टर आली तेव्हा तिच्या हातात अर्धा ग्लास पाणी, थरथरत, अर्धं साडीवर. सिस्टरनं घेतलं आणि एका घोटात प्याली. "गोड हाय," म्हणाली. आमच्या बोअरचं पाणी खारट आहे.

यानंतर मी एक चूक केली. आजही सांगताना मान खाली जाते.

तालुक्याच्या दवाखान्यात अपंगांच्या दाखल्याचं शिबिर होतं. अपंगपणाचे टक्के भरले तर सरकारचे महिन्याचे पैसे सुरू होतात. चौकातल्या एका शहाण्यानं मला सांगितलं, भाऊ, हात हलला तर टक्के जातात. त्या दिवशी सकाळी मी बायकोला धुतलेलं पातळ नेसवलं आणि म्हणालो, "आज हात हलवाचा नाही. डॉक्टर म्हनन उचला, तरी उचलाचा नाही. मेल्यासारखा पडू द्याचा." ती काही बोलली नाही. मी वीस मोजले, तरी बोलली नाही. मला वाटलं, समजली.

रांगेत आमच्या गावचे सात-आठ जण. सिस्टर सगळ्यांचे कागद घेऊन उभी. आमचा नंबर आला. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. म्हणाला, "काकू, हात वर करून दाखवा."

मी म्हणालो, "नाही करत साहेब. काहीच नाही. मेला तो हात."

डॉक्टरनं तिच्याकडं पाहिलं. ती मांडीवर हात टाकून बसलेली. खोटं बोलायला तिला कधी जमलं नाही, पण माझ्यासाठी ती ते करत होती. डॉक्टरनं लिहायला पेन टेकवलं. तेवढ्यात दारातून माझा मोठा चुलतभाऊ आत आला, त्याच्या कानाचा दाखला होता. नात्यानं तिचा भासरा. वर पंखा फिरत होता, त्या वाऱ्यानं तिच्या डोक्यावरचा पदर खाली आला होता. आणि तो उजवा हात मांडीवरून उठला. थरथरत, थांबत, खांद्यापर्यंत आला, पदराचा काठ दोन बोटांत धरला आणि डोक्यावर ओढून नीट केला.

भासऱ्यासमोर डोकं उघडं ठेवायचं नाही. पन्नास वर्षांची सवय. तिला टक्के काय माहीत.

डॉक्टरचं पेन थांबलं. तो हसला. म्हणाला, "छान, काकू." आणि जे खरं होतं ते लिहिलं. मला वाटलं, फरशी फाटावी.

बाहेर आल्यावर सिस्टरनं मला बाजूला घेतलं. "शिकोलं कोनं त्यायले?"

"मी."

"ज्या हातानं तुम्हाले भाकरी घातल्या त्याले मेला म्हनलं तुम्ही. तिच्यासमोर."

"टक्के कमी झाले ना सिस्टर. आता काहीच भेटनार नाही."

ती सरकारची बाजू घेणारी बाई नव्हती. म्हणाली, "हे त्यायचं चुकतेच. काय येत नाही ते सगळं विचारतात. पडून राह्यलं तर देतात, बरं झालं तर काढून घेतात. मी वर लिहिलं हाय, अजून लिहीन. पन म्हनून मानसानं पडून राहाचं काय? टक्के कमी झाले तुमचे. बाई जास्त झाली."

आठ दिवस मी सिस्टरशी बोललो नाही. मोपेड आली की तोंड फिरवायचो. आणि बायको? परत येताना ऑटोत ती हसत होती. आधी मला वाटलं, तोंड वाकडं झालं. मग आवाज आला. पदर तोंडाशी धरून, त्याच हातानं, ती हसत होती. "मेला हात," म्हणाली आणि परत हसली. घरी आल्यावर मी गुमान चूल पेटवली.

दीड वर्ष अजून जगली. ते दीड वर्ष सिस्टरनं मला दिलं असं मी धरतो. दुसरा झटका आला तो सकाळी, रांधणीतच. मी भाकर टाकत होतो. "आंच," म्हणाली. म्हणजे आंच कमी कर. मी लाकूड मागं ओढलं, आणि वळून पाहिलं तोपर्यंत झालं होतं. तव्यावरची भाकर जळून गेली. ती जळली म्हणणारं कोणी नव्हतं.

अंगणात साडीचा आडोसा धरून बायांनी तिला आंघोळ घालायचं ठरवलं. मी आडोशाच्या अलीकडं भिंतीला टेकून उभा. सिस्टर आली. त्या दिवशी तिनं मोपेड बंद केली. आडोशाच्या आत गेली. तांब्याचा आवाज आला, बायांची कुजबुज आली. मग सिस्टरचा आवाज, नेहमीसारखा, उंच.

"पंचफुलाबाई, हात लावू काय?"

कोणाच्या बांगड्याही वाजल्या नाहीत. मी भिंतीशी उभा राहून मोजू लागलो. वीस झाले. मग पाणी पडल्याचा आवाज आला.

मी तोपर्यंत रडलो नव्हतो.

पुढल्या वर्षी सिस्टर रिटायर झाली. तिला लेकरू नव्हतं, नवरा लवकर गेलेला. नेरकडच्या एका तांड्यावर तिचा भाचा राहतो, त्याच्याकडं गेली. गावानं नारळ आणि साडी दिली. भाषण करायला सांगितलं तर म्हणाली, "माह्यं काही म्हननं नाही," आणि सगळे हसले.

या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला आर्णीच्या बाजारात कोणीतरी सांगितलं, तुमच्या सिस्टरला आता ओळख राहत नाही. मी चार भाकरी बांधल्या आणि बस धरली. नेरला उतरून दुसऱ्या गाडीनं तांड्यावर गेलो.

भाचा चांगला माणूस निघाला. त्याच्या बायकोनं चहा केला. खोली स्वच्छ, अंथरूण स्वच्छ, गोळ्यांचा डबा वारांप्रमाणं लावलेला. सिस्टर खाटेवर बसलेली. अंग उतरलेलं, घड्याळ मात्र तसंच, मनगटाच्या आतल्या बाजूला. माझ्याकडं पाहिलं आणि खिडकीकडं पाहू लागली.

"काही समजत नाही आत्याले आता," भाचा म्हणाला. "दोनदा रोडावर सापडली. ट्रक चालतात तिथून. म्हनून चप्पल लपवून ठेवली. अनवाणी जात नाही ती, लहानपनापासूनची सवय. चप्पल नाही तर बसून राहते. काय विचाराचं ते मले विचारा काकाजी."

मी खाटेखाली पाहिलं. मोकळी फरशी.

त्याचं चुकत होतं असं मला म्हणवेना. मीही तेच केलं होतं. मी म्हणालो, "बाबू, तू थोडा वेळ बाहेर बसतो काय?"

"काहून?"

"ढोरं असतीन तर त्यायले पाणी दाखव."

तो मला वेडा समजला असेल. पण गेला.

मी स्टूल ओढून समोर बसलो. "सिस्टर, हात लावू काय?"

काही नाही. खिडकीबाहेर बकरी होती, ती पाहत होती. मी मोजले. वीस. परत वीस. तिसऱ्यांदा मोजताना तिनं हात माझ्याकडं केला, जसा आपण बीपी पाहायला देतो तसा. मी धरला.

"सिस्टर, तुमचं म्हननं काय हाय?"

परत मोजायला लागलो. किती वेळा मोजलं ते सोडून दिलं. चहाच्या कपावर साय धरली. आतून भाच्याच्या बायकोनं एकदा डोकावून पाहिलं. मग सिस्टर खाटेखाली वाकली, हात खाली फिरवला, आणि सरळ झाली.

"चप्पल," म्हणाली.

भिंतीच्या खुंटीला तिची पिशवी होती. मी विचारलं, "पिशवीले हात लावू काय?" तिनं मान हलवली. पट्टी आत होती, थोडी गंजलेली. गोळ्यांच्या डब्याखाली डॉक्टरची फाईल होती, तिचा वरचा कागद घेतला, उजव्या बाजूला पट्टी ठेवली आणि रेघ ओढली. पट्टी असूनही रेघ वाकडी गेली. वर लिहिलं, 'म्हणणं'. खाली लिहिलं, 'चप्पल पाह्यजे'.

भाच्याला हाक मारली आणि कागद त्याच्या हातात दिला. त्यानं वाचला. त्याचा चेहरा कठीण झाला. "म्हंजे रोडावर जाऊ देऊ तिले? उद्या काही झालं तर तांडा मले बोलन, तुम्हाले नाही."

"खरं हाय. तुलेच बोलन."

"मंग?"

"तिनं एका म्हातारीचं मीठ लिहून नेलतं. दिलं नव्हतं. पन लिहिलं होतं. तू काय द्याचं ते तू पाय. सकाळी एक चक्कर तिच्यासंगं मारता येते काय ते पाय. तिच्या मागं, पुढं नाही."

त्यानं कागद परत फाईलीत लावला. मग आतल्या खोलीत गेला, पेटीचं झाकण वाजलं, आणि काळी रबरी चप्पल घेऊन आला. पायात घालून द्यायला वाकला, तसा मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं चप्पल नुसती खाटेखाली ठेवली. घाईघाईत ठेवली, तोंड भिंतीकडं.

सिस्टरनं खाली पाहिलं. एक पाय उतरवला. अंगठ्यानं एक चप्पल ढकलली, सरकली, परत ढकलली. भाचा पुढं झाला. मी म्हणालो, "थांब. वीस मोज."

तो मोजत होता का नाही मला माहीत नाही. मी मोजत होतो. सतराला पहिली चप्पल फिरली. दुसरीला जास्त वेळ लागला. दोन्ही चपलांची तोंडं दाराकडं झाली, तेव्हा सिस्टरनं आमच्या दोघांकडं पाहिलं, आणि मग पाय घातले.